आधी कागदांची थैली, मग माझा फॉर्म

विशेष शिक्षणाच्या पदविकेत दुसऱ्या वर्षी आम्हाला काही मुलांचे वैयक्तिक शैक्षणिक आराखडे करावे लागतात. बोलताना सगळे आयईपीच म्हणतात. केस हिस्टरी घ्यायची, चेकलिस्ट भरायची, मूल आज कुठे आहे ते ठरवायचं, पुढच्या काही महिन्यांची उद्दिष्टं लिहायची, शिकवायचं, पुन्हा तपासायचं आणि फाइल बांधून कॉलेजात द्यायची. माझी शाखा बौद्धिक अक्षमतेची. सराव मिळाला यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्याच्या खेड्यांत. काही मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत येणारी होती, काही पटावर नाव असूनही घरीच असणारी. शिक्षण हक्क कायद्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीने गंभीर किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय मिळाला आहे. त्यामुळे तालुक्याचे विशेष शिक्षक गावोगाव फिरतात आणि मी त्यांच्या गाडीवर मागे बसून जात होते.

त्या सरावात मला जे शिकायला मिळालं, त्यातलं बरंचसं मुलांच्या आई-वडिलांनी शिकवलं. फाइलमध्ये ते लिहायला रकाना नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आमचा केस हिस्टरीचा फॉर्म लांबलचक असतो. गरोदरपणात आई आजारी होती का, बाळंतपण कुठे झालं, बाळ जन्मल्याबरोबर रडलं का, वजन किती होतं, कावीळ झाली का, झटके आले का. एका घरी मी फॉर्म काढला तर मुलीचे वडील उठून आत गेले. खुंटीला टांगलेली कापड दुकानाची प्लास्टिकची थैली आणून माझ्यापुढे ठेवली.

"मॅडम, पह्यले हे वाचा. याच्यात नसन ते इचारा. तिची माय हेच सांगू सांगू दमली."

थैलीत सगळं होतं. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, डोक्याच्या स्कॅनची काळी फिल्म, लसीकरणाचं कार्ड, अपंगत्वाचं प्रमाणपत्र, त्याच्या झेरॉक्स, औषधाच्या चिठ्ठ्या तारखेवार लावून सुतळीने बांधलेल्या. मी वाचत गेले आणि वडील मध्येमध्ये एकेका कागदाची हकिगत सांगत गेले. हा कागद कुठून आणला, त्यासाठी कुणाकडून गाडी मागितली, कोणत्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. बाळ उशिरा रडलं हे डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मग तेच आईच्या तोंडून पुन्हा वदवून घ्यायचं कशाला? अंगणवाडी, आरोग्य पथक, शाळा, आमच्यासारखे सराववाले. दर वर्षी कोणी ना कोणी नवं येतं आणि त्या बाईला ती रात्र पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावतं. दर वेळी तिच्या मनात येतं की आपलंच काही चुकलं असेल. पुढे प्रत्येक घरी मी हाच क्रम ठेवला. आधी थैली वाचायची, तारखा आणि औषधं उतरवून घ्यायची, आणि आईला विचारायचं ते फक्त आजचं.

आजचं काय विचारायचं, हे मला आमच्या विशेष शिक्षकांनी सांगितलं. फॉर्मवर शेवटी 'पालकांच्या अपेक्षा' अशी एक ओळ असते. तिथे सगळीकडे तेच उत्तर येतं: बोलला पाहिजे, चालला पाहिजे, चारचौघांसारखा झाला पाहिजे. त्यातून आराखडा होत नाही. सर विचारायचे, "तुमच्या दिवसातली कोणती वेळ सगळ्यात जड जाते?" या प्रश्नावर मात्र माणसं खुलून बोलायची. कापूस वेचायला सातच्या आत निघायचं असतं आणि पोरगं आंघोळीला हातच लावू देत नाही. दिवेलागणीला लाइट गेली की पोरगी किंचाळत सुटते. रात्री दोनला उठून बसतो आणि दाराची कडी काढतो, म्हणून बाप दाराला खाट लावून झोपतो. माझ्या आराखड्यांतली बहुतेक उद्दिष्टं या उत्तरांतूनच निघाली आणि ती टिकलीही, कारण ती घराला हवी होती.

पुलाजवळच्या घरातला नऊ वर्षांचा मुलगा. बौद्धिक अक्षमता, हातांची पकड सैल. चेकलिस्टवर 'स्वतःच्या हाताने जेवतो' या बाबीपुढे मला नाही अशी खूण करायची होती. मुलाला काय काय येतं ते तपासायला आम्ही वापरतो त्या एमडीपीएस (मद्रास डेव्हलपमेंटल प्रोग्रामिंग सिस्टीम) चेकलिस्टमध्ये 18 क्षेत्रं आहेत आणि प्रत्येकात 20 बाबी. मुलाला जे येतं त्याच्यापुढे एक खूण, येत नाही त्याच्यापुढे दुसरी. आईने मला थांबवलं. म्हणाली, "जेवते तो. पूर्ण नाई, पण जेवते. बसा, दाखवतो."

तिने जवारीची भाकर घट्ट वरणात कुस्करली. पातळ वरण हातातून गळतं, घट्ट चिकटून राहतं, म्हणून वरण मुद्दाम आटवलेलं. ताट काठाचं, आणि खाली ओलं फडकं, म्हणजे ताट सरकत नाही. मुलगा भिंतीला पाठ लावून, मांडी घालून बसला. ती त्याच्या समोर बसली नाही, मागून उजव्या अंगाने बसली. त्याचा हात आपल्या हातात धरून घास उचलला, ओठांपर्यंत नेला आणि ओठांपासून बोटभर अंतरावर आपला हात सोडून दिला. उरलेलं बोटभर अंतर त्याने स्वतः पार केलं. घास तोंडात गेला आणि तो हसला. काही घासांनंतर तिने हात जरा आधी सोडला, हनुवटीपाशी. तिथूनही त्याने नेला. छातीपाशी सोडला तेव्हा घास मांडीवर पडला. ती काही बोलली नाही, पुढच्या घासाला पुन्हा हनुवटीपर्यंत साथ दिली.

आमच्या पुस्तकात याला उलट साखळी म्हणतात. एखाद्या कामाचे टप्पे पाडायचे आणि शेवटचा टप्पा आधी शिकवायचा, मग त्याच्या आधीचा, असं मागे मागे जायचं. परीक्षेत हे मी व्याख्येसकट लिहिलं होतं. या आईने ते कुठून शिकलं, असं विचारलं तर म्हणाली, "पह्यले ताटातून उचलाले शिकवत होतो. त तो रडे. तोंडात काईच जात नोतं न त्याच्या! मंग म्हटलं, शेवटचं त्याले करू द्याव. घास तोंडात जाते, पोट्टं खुश राह्यते, मंग बाकीचं शिकते." शिकण्याच्या ठिकाणीच बक्षीस मिळावं, हे तत्त्व तिने स्वतःच्या अनुभवातून काढलं होतं, कारणासकट. वर्गात आम्हाला हे शिकवलं गेलं तेव्हा कारण इतकं स्पष्ट झालं नव्हतं.

मग मी काय केलं? तिची पद्धत जशीच्या तशी आराखड्यात उतरवली. हात कुठे सोडला हे रोज टिपायला एक साधा तक्ता केला: ओठ, हनुवटी, छाती, ताट. ती लिहीत नाही, म्हणून चार चित्रं काढली आणि त्यांच्याखाली ती काडीने खूण करायची. माझ्या प्रशिक्षणाचा तिला उपयोग झाला तो इथे. रोजच्या झटापटीत प्रगती दिसत नाही, तक्त्यावर दिसते. महिन्याभराने तो तक्ता तिने सासूला दाखवला. सासूबाई तोवर त्याला मांडीवर घेऊन भरवायच्या आणि "लेकराले उपाशी ठेवते" म्हणून सुनेला बोलायच्या. त्यानंतर निदान संध्याकाळचं जेवण त्याच्या हाताने होऊ लागलं. दुपारचं आजी भरवते. ते आजीचं सुख आहे, त्यात मी पडले नाही.

वर थैलीवाले वडील आले, त्यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारं अपंगत्व, आहे. दोन्ही पाय ताठ, उचललं की गुडघ्यांपाशी एकमेकांवर चढतात. तिची आई तिला नेहमी कमरेवर, दोन पाय दोन बाजूंना करून घेते. मुलगी सहा वर्षांची, म्हणजे वजन काही कमी नाही. शेजारच्या बाया म्हणतात, एवढ्या मोठ्या पोरीला काखेत काय घेते, पाठुंगळी घे नाहीतर आडवी घे. आईचं म्हणणं असं की आडवी घेतली की पाय आणखी आवळतात आणि मग कपडे बदलायला अर्धा तास लागतो. कमरेवर घेतली की पाय सैल होतात. फिजिओथेरपिस्ट नेमकं हेच सांगतात. पाय फाकलेले राहिले की मांड्यांच्या स्नायूंचा ताठपणा कमी होतो. तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी फक्त एवढंच जोडलं की बसवतानाही पाय असेच वेगळे राहावेत. वडिलांनी गावच्या सुताराकडून कोपऱ्यात बसायची लाकडी खुर्ची करून घेतली, मध्ये पायांच्या बेचक्यात गुंडाळी केलेल्या गोधडीची उशी. खुर्चीचं माप त्यांनी पोरीला भिंतीशी बसवून, सुतळीने घेतलं. मापाचा तक्ता माझ्याकडे होता, पण त्यांची सुतळी जास्त बरोबर निघाली, कारण पाय पूर्ण सरळ होत नाहीत हे त्यांनी धरलं होतं.

या मुलीला आडवं निजवून भरवायची घरातली सवय मात्र बदलावी लागली. आडवं असताना पातळ पेज श्वासनलिकेत जाऊ शकते. तिला वरचेवर खोकला आणि ताप यायचा, आणि त्याचं खापर थंडीवर फोडलं जायचं. अर्धं बसवून, मान मध्ये, हनुवटी किंचित खाली, असं भरवायला सुरुवात केली तेव्हा आईच म्हणाली की ठसका कमी झाला. आई-वडिलांकडून शिकायचं म्हणजे आपल्याला जे ठाऊक आहे ते गिळून बसायचं, असं मी मानत नाही. घासाबाबत आणि झटक्यांबाबत मी स्पष्ट बोलले. झटका आला की कांदा हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं, दातात चमचा घालणं हे अजून होतं. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, घड्याळ पाहायचं, आणि पाच मिनिटांवर गेलं तर दवाखाना. हे मी प्रत्येक घरी सांगितलं, आणि आजी घरात असतील तेव्हाच सांगितलं, कारण दुपारी घरी त्याच असतात.

दसऱ्यापासून पुढे वेचणीचा हंगाम. घरी जाऊन कोणी भेटत नाही. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणजे माझ्याशी बोलण्यात गेलेला वेळ सरळ पैशात कापला जातो. म्हणून मी वावरात जाऊ लागले. एका आईसोबत तिचा बारा वर्षांचा स्वमग्न मुलगा असायचा. घरी ठेवला तर तो पिठाच्या चक्कीच्या आवाजाकडे धावत सुटतो. वावरात तो शांत. बाभळीच्या सावलीत गोधडी, पाण्याची कॅन, आणि आई कपाशीच्या ज्या तासात, म्हणजे ओळीत, वेचते तिथून तो दिसला पाहिजे असा हिशेब. वेचतानाच ती बोलायची, मी तिच्या बाजूच्या तासात. माझा कापूस तिच्या ओटीत.

या मुलाला पुढे काय होणार हे सांगितल्याशिवाय हलवता येत नाही, आणि बोललेलं त्याला पोचत नाही. आई वस्तू दाखवते. गडवा (तांब्या) दाखवला की आंघोळ, पिशवी दाखवली की वावर, चादर दाखवली की झोप. पिशवी आणि गडवा एकदम दाखवले तर तो गोंधळतो, म्हणून एका वेळी एकच. बदल असेल, म्हणजे वावराऐवजी दवाखाना, तर आदल्या रात्री दवाखान्याची फाइल त्याच्या उशाशी ठेवते. शाळेत आम्ही चित्रांचं वेळापत्रक लावतो, त्याच्या आधीची पायरी ही. शाळेत त्याला चित्रं दाखवून काही उपयोग होत नव्हता. आईच्या वस्तू शाळेत आणल्या, ताट म्हणजे खिचडी, चटई म्हणजे गोष्टीचा तास, तेव्हा तो वर्गात बसायला लागला. चित्र हळूहळू वस्तूच्या शेजारी ठेवलं.

वावरातच तिने त्याला बोंडातून कापूस काढायला शिकवलं होतं. अंगठा आणि दोन बोटं, पात्या टोचू नयेत म्हणून वरून चिमटीत. माझ्या फाइलमध्ये चिमटीची पकड वाढवायला मणी ओवणे असं उद्दिष्ट होतं. मण्यांना तो हात लावायचा नाही. कापूस मात्र तो काढायचा, आणि काढलेला ओटीत टाकायला आईपर्यंत चालत जायचा. उद्दिष्ट तेच ठेवलं, साहित्य बदललं. इथे एक काळजी मनात होती ती लिहायलाच हवी: मुलाला कामाला लावणं आणि मुलाला शिकवणं यांतली रेघ पुसट असते. आईशी बोलून ठरलं, त्याचं मन असेल तेवढाच वेळ, सावलीत, आणि किलोच्या हिशेबात त्याचा कापूस नाही. फवारणी झालेल्या वावरात तर त्याला न्यायचंच नाही.

एका कोलाम पोडावर मला वेगळाच धडा मिळाला. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. महाराष्ट्रात अतिअसुरक्षित म्हणून नोंदलेल्या तीन आदिवासी समूहांपैकी हा एक. तिथल्या सात वर्षांच्या मुलीचं नाव शाळेने मतिमंद संशयित म्हणून कळवलं होतं. चेकलिस्टमध्ये रंग, आकार, शरीराचे अवयव विचारायचे. ती गप्प. वडील दारात उभे होते. ते म्हणाले, "आमच्या बोलीत इचारून पाहा." त्यांनी कोलामीत विचारलं आणि मुलगी बोट दाखवत गेली तशी माझी पेन्सिल धावत गेली. सगळं आलं असं नाही. वयाच्या मानाने ती मागे आहे, तपासणी हवीच होती. पण शाळेने कळवलं होतं त्यापेक्षा ती कितीतरी पुढे होती. त्यानंतरचं सगळं मूल्यमापन वडिलांना दुभाषी म्हणून बसवून केलं आणि अहवालात पहिल्या ओळीत तसं लिहिलं. घरच्या बोलीत न तपासता मुलावर शिक्का मारणं हा अन्याय आहे, आणि तो फार सहज होतो.

विदर्भात काम करायचं तर सिकलसेल, हा रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार, टाळून चालत नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले, त्यात सिकलसेल आहे. शाळेत मात्र ते दिसत नाही, म्हणून तो मुलगा आळशी ठरतो. पाचवीतल्या एका मुलाची आई शाळेत आली ती एकच मागणी घेऊन. त्याला पाणी प्यायला आणि लघवीला जायला परवानगी मागावी लागू नये. या आजारात शरीरातलं पाणी कमी पडलं की वेदनेचं संकट ओढवतं, आणि लघवी जास्त होते म्हणून पाणीही जास्त लागतं. थंडी, फार दमणूक, ताप, यांनीही दुखणं उठतं. आईला ते आदल्या दिवशी कळतं. "तो बोलनं कमी करते, अन् गुडघे पोटाशी घेऊन बसते. डोये पिवये दिसले की मी समजतो." हे सगळं मी वर्गशिक्षकांना एका कागदावर लिहून दिलं: बाटली बाकावर राहील, डिसेंबर-जानेवारीच्या परिपाठाला स्वेटर आणि उन्हातली जागा, धावण्याची सक्ती नाही, ताप आला तर त्याच दिवशी घरी निरोप. कागद वर्गाच्या हजेरीपटात लावला गेला. शिक्षक वाईट नव्हते, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

ज्या आईकडून मला सगळ्यात अवघड गोष्ट शिकता आली, तिची मुलगी तेरा वर्षांची, डाऊन सिंड्रोम असलेली. पाळी नुकतीच सुरू झालेली. गावात कुणीतरी गर्भाची पिशवी काढून टाकायचा सल्ला दिला होता. आईने तो ऐकून घेतला आणि बाजूला ठेवला. तिने पोरीला कोरड्या दिवसांत पॅड लावून घरात फिरायची सवय केली. मग पॅडवर कुंकवाचं पाणी टाकून दाखवलं, भिजलं की बदलायचं. कालनिर्णयावर लाल पेनाने गोल. गोल आला की पॅडचा डबा कपाटाच्या खालच्या फळीवर येतो, एरवी वर असतो. न्हाणीत दार लावायचं, दुसऱ्या कुणासमोर कपडे काढायचे नाहीत, आणि कुणी हात लावला तर मायले सांगायचं, हे तीन वाक्यांत रोज. वेचणीच्या दिवसांत पोरीला एकटीला ठेवायची वेळ येऊ नये म्हणून दोन घरच्या बायांनी दिवस वाटून घेतले आहेत. आज ही, उद्या ती. आमच्या अभ्यासक्रमात लैंगिक सुरक्षिततेवर एक प्रकरण आहे. त्या प्रकरणातलं जे काही अमलात येऊ शकतं ते मी या घरात पाहिलं. मी पायऱ्यांची चित्रं काढून न्हाणीच्या दारामागे चिकटवून दिली, एवढाच माझा हातभार.

हे सगळं एकेका घरात साठलेलं होतं आणि शेजारच्या गावच्या आईला त्याचा पत्ता नव्हता. म्हणून सरांनी बाजाराच्या दिवशी पालकांची बैठक घ्यायचं ठरवलं. त्या दिवशी लोक तसेही तालुक्याला येतात, मजुरी बुडत नाही. मी काय बोलायचं याची टिपणं काढली होती, ती बाजूला राहिली. बैठक थैलीवाल्या वडिलांनी ताब्यात घेतली. प्रमाणपत्रासाठी ते सुरुवातीला गेले तेव्हा तज्ज्ञ रजेवर होते, पुढच्या वेळी यंत्रणा बंद, आणि प्रत्येक फेरीला दोघा नवरा-बायकोची मजुरी गेली. आता ते सगळ्यांना सांगतात: जायच्या आधी फोन करा, तपासणीचा वार विचारा, आधार, फोटो, जुनी चिठ्ठी सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स घ्या, यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज आधीच ऑनलाइन भरून जा. अपंगत्व 40 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर बऱ्याच योजना लागू होतात, म्हणून टक्का कमी लिहिलेला वाटला तर गप्प घरी येऊ नका. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यात एक लाखापर्यंत उपचाराचा खर्च मिळतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविध अपंगत्व यांना तो लागू आहे. हे त्यांनी स्वतः केलं होतं, त्यामुळे कोणता कागद कुठे अडतो तेही त्यांना माहीत. मी शेजारी बसून लिहून घेत होते.

दुसऱ्या कोपऱ्यात पुलाजवळची आई आपला चार चित्रांचा तक्ता दाखवत होती. एका वडिलांनी विचारलं की मूल अठरा वर्षांचं झाल्यावर सही कोण करणार. तिथे मला उत्तर देता आलं: 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. त्यांनी पुढे विचारलं, "अन् आमच्या मागं?" याचं उत्तर कायद्यात पूर्ण नाही आणि माझ्याकडेही नव्हतं. मी तसं सांगितलं. बराच वेळ सगळे त्यावरच बोलत होते: भावाच्या नावे किती, बहिणीकडे राहील का, तालुक्याला दिवसभर ठेवता येईल अशी एखादी जागा का नसावी. त्या शेवटच्या मागणीचा ठराव त्यांनी लिहून काढला, सह्या-अंगठे केले आणि पंचायत समितीत द्यायला दोघांना नेमलं.

फाइल कॉलेजात जमा झाली. आराखड्याच्या नमुन्यात नसलेला एक रकाना मी प्रत्येक मुलाच्या पहिल्या पानावर जोडला आहे: 'घरी आधीपासून चालू असलेलं शिकवणं'. मार्गदर्शक बाईंनी तो वाचला आणि पुढच्या तुकडीच्या फॉर्ममध्ये घ्यायचा विचार करू म्हणाल्या. तो घ्यावाच असा माझा आग्रह आहे, लेखी दिला आहे.

फाइल कॉलेजची, म्हणून प्रत्येक घरी एक वेगळी वही ठेवली आहे, त्याच खुंटीवरच्या थैलीत. त्यात औषधं, तारखा, काय शिकवून झालं, सध्या हात कुठे सोडतो, कोणती वस्तू कशासाठी दाखवतात, हे सगळं मोठ्या अक्षरांत आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रं. विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, तेव्हा नवी तुकडी येईल. त्यांच्याशी पहिल्या दिवशी बोलायला थैलीवाले वडील आणि पुलाजवळच्या आई कॉलेजात जाणार आहेत. सरांनी प्राचार्यांकडून तशी वेळ घेतली आहे, आणि दोघांच्या त्या दिवसाच्या मजुरीची सोय कॉलेजने करावी असंही पत्रात लिहिलं आहे.